फाइल उघडली पाहिजे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या उत्तर तीरावर व्हँकूव्हर नावाचं शहर आहे. कॅनडातलं व्हँकूव्हर वेगळं; हे पोर्टलंडच्या समोरचं, नदीपलीकडचं. तिथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात डीन ग्रिगर या प्राध्यापिकेने ‘इलेक्ट्रॉनिक लिटरेचर लॅब’ उभी केली आणि साठहून अधिक जुने संगणक गोळा केले. बहुतेक ॲपलचे, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतले. ते काचेमागे मांडून ठेवण्यासाठी आणलेले नव्हते. त्यांच्यात फ्लॉपी घालता यावी, पडद्यावर अक्षरं उमटावीत, यासाठी ते दुरुस्त करून चालते ठेवले गेले. हा सगळा खटाटोप वाचनासाठी. काही कथा, कादंबऱ्या, कविता अशा आहेत, की लेखकाने लिहिल्या तशा त्या फक्त त्याच यंत्रांवर वाचता येतात.

छापील पुस्तकाची पीडीएफ किंवा किंडलवरची कादंबरी म्हणजे इलेक्ट्रॉनिक साहित्य नव्हे. ती छापून काढली तरी तिचं काही बिघडत नाही. इथे चर्चा आहे ती संगणकासाठीच रचलेल्या लेखनाची. कागदावर उतरवलं की त्याचा प्राण जातो. मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. १९८७ साली ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि १९९० मध्ये फ्लॉपीवर प्रसिद्ध झाली. तिच्यात ५३९ छोटे मजकूर आहेत आणि त्यांना जोडणारे नऊशेहून अधिक दुवे. पीटर नावाचा घटस्फोटित माणूस सकाळी रस्त्यावर एक अपघात पाहून पुढे जातो आणि मग त्याला शंका छळू लागते, की त्या गाडीत आपलाच मुलगा आणि त्याची आई तर नव्हती? वाचक ज्या शब्दावर टिचकी मारेल त्याप्रमाणे कथा वळते. शिवाय काही मजकूर असे पहाऱ्यात ठेवलेले आहेत, की आधी ठरावीक पानं वाचल्याशिवाय ते उघडतच नाहीत. पीटर जे स्वतःशी कबूल करायला तयार नाही, तिथपर्यंत वाचकालाही सहजी पोचता येत नाही. ही रचना कागदावर कशी आणणार? पानं सुटी करून पत्त्यांसारखी वाटली तरी पहारा कुणी ठेवायचा?

जॉइस, जे डेव्हिड बोल्टर आणि जॉन स्मिथ यांनी त्यासाठी ‘स्टोरीस्पेस’ हे सॉफ्टवेअर घडवलं, आणि मार्क बर्नस्टीन यांच्या ‘ईस्टगेट सिस्टिम्स’ या मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्या कंपनीने अशा कृती प्रकाशित करायला सुरुवात केली. स्टुअर्ट मोलथ्रॉप यांची आखाती युद्धाच्या काळात घडणारी ‘व्हिक्टरी गार्डन’ तिथलीच. शेली जॅक्सन यांची १९९५ सालची ‘पॅचवर्क गर्ल’ही. मेरी शेलीच्या कादंबरीत फ्रँकन्स्टाइन दुसरा, स्त्रीरूपातला जीव घडवायला घेतो आणि अर्ध्यावर नष्ट करतो. जॅक्सन यांनी त्या स्त्रीला जगवलं. तिचे अवयव वेगवेगळ्या बायकांचे, आणि प्रत्येक अवयवाला त्याच्या मूळ मालकिणीची गोष्ट. शरीर तुकड्यांचं, म्हणून कथाही तुकड्यांची. या प्रकारातली एकच कृती वाचायला मिळणार असेल, तर मी हिचं नाव घेईन.

या लेखनाला वजन मिळवून दिलं ते रॉबर्ट कूव्हर यांनी. ते छापील कादंबरीचे नामवंत लेखक होते आणि ब्राउन विद्यापीठात शिकवत. १९९२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक पुरवणीत त्यांनी पुस्तकाचा अंत जाहीर करणाऱ्या शीर्षकाचा लेख लिहिला आणि मोठा गदारोळ झाला. पुस्तकाचा अंत काही झाला नाही. उलट ज्या फ्लॉप्यांच्या भरवशावर ती चर्चा चालली होती, त्याच आधी संपल्या.

त्या वेळी अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात सू थॉमस यांनी १९९५ मध्ये ‘ट्रेस’ नावाचं ऑनलाइन लेखन केंद्र सुरू केलं होतं. जगभरातले लेखक तिथे जमत, शिकत, एकमेकांचं वाचत. ‘ट्रेस’ आणि ‘ऑल्ट-एक्स’ हे जाळ्यावरचं प्रकाशन यांनी घेतलेल्या १९९८ च्या स्पर्धेत ‘द अननोन’ या सामूहिक हायपरटेक्स्ट, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या, कादंबरीला विभागून पहिलं बक्षीस मिळालं. तिच्या लेखकांपैकी एक होते स्कॉट रेटबर्ग. पुढच्याच वर्षी ब्राउन विद्यापीठातल्या एका परिषदेत त्यांची कूव्हर यांच्याशी बोलणी झाली. रेटबर्ग, कूव्हर आणि इंटरनेट उद्योगातले जेफ बॅलो यांनी मिळून १९९९ मध्ये शिकागोत ‘इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशन’ स्थापन केली. पुढे तिला सगळे ईएलओ म्हणू लागले.

काळ डॉट-कॉम भरभराटीचा होता. संस्थेने २००१ मध्ये कथात्म साहित्य आणि कविता यांसाठी प्रत्येकी दहा हजार डॉलरचे पुरस्कार दिले; कथेचा कॅटलिन फिशर यांना, कवितेचा जॉन केली यांना. पण तोवर फुगा फुटला होता. उद्योगातून येणारा पैसा आटला आणि संस्थेने विद्यापीठाचा आसरा घेतला. आधी लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, मग मेरीलँड, मग एमआयटी, आणि मग वर सांगितलेलं व्हँकूव्हर. स्वतःची इमारत नाही, मोठा निधी नाही. एखादं विद्यापीठ जागा आणि थोडा पगार देतं. ते दमलं की दुसरं पुढे येतं. अशा भाड्याच्या बिऱ्हाडांत या संस्थेने पाव शतक काढलं, हे मला तिच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं. ‘ट्रेस’ला हे जमलं नाही. दहा वर्षांच्या आसपास चालून ते केंद्र बंद पडलं.

आरंभी ईएलओचा हेतू प्रसाराचा होता. नवं साहित्य आहे, ते लोकांनी वाचावं, लेखकांना मान मिळावा. दोन-तीन वर्षांतच वेगळीच अडचण समोर आली. ज्यांचा प्रसार करायचा त्या कृती उघडेनाशा होत होत्या. मग जतनाचा एक स्वतंत्र प्रकल्प निघाला आणि निक मॉन्टफर्ट व नोआ वॉर्ड्रिप-फ्रुइन यांनी २००४ मध्ये ‘ॲसिड-फ्री बिट्स’ ही छोटी पुस्तिका लिहिली. आम्लयुक्त कागद पिवळा पडून तुटतो, म्हणून ग्रंथपाल आम्लमुक्त कागदाचा आग्रह धरतात. शीर्षक त्यावरून घेतलं आहे. पुस्तिका लेखकांसाठी आहे आणि तिचा रोख व्यवहारी आहे. एकाच कंपनीच्या मालकीच्या स्वरूपात लिहू नका, सर्वांना खुल्या असलेल्या स्वरूपात लिहा. शक्य तिथे साधा मजकूर वापरा. मूळ फायली फेकू नका. कशावर लिहिलं, कसं चालतं, याची टिपणं लगेच करा, कारण नंतर आठवत नाही. आणि इतरांना प्रती काढायला स्पष्ट परवानगी द्या. शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्या प्रती अनेकांकडे आहेत ते टिकतं. आपल्या संतांचे अभंग वह्यांमधून उतरवून घेणाऱ्यांनी हे शतकानुशतकं केलं आहे.

सांगितलं तसं संस्थेने स्वतःही केलं. २००६ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक लिटरेचर कलेक्शन’चा पहिला खंड आला. त्यात ६० कृती होत्या. तो जाळ्यावर फुकट होता आणि सीडीवरही, वाचनालयाला पुस्तकासारखा देता-घेता यावा म्हणून. विक्री न करता, बदल न करता कुणीही प्रत काढावी, असा परवाना त्याला जोडला होता. पहिला खंड मुख्यतः इंग्रजीचा होता, अमेरिकी वळणाचा होता, आणि त्याबद्दल टीका झाली ती रास्तच होती. २०१६ च्या तिसऱ्या खंडात २६ देश आणि १३ भाषांतल्या ११४ कृती आल्या. २०२२ च्या चौथ्यात १३२ कृती, ३१ भाषा. हे वाढणं आपोआप झालेलं नाही. संपादक मंडळात वेगवेगळ्या भाषांची माणसं आली तेव्हा झालं.

मग फ्लॅश गेलं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जाळ्यावर हलणारं, बोलणारं, चमकणारं जे काही दिसे ते बहुतेक फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं असे. कवींनाही ते आवडलं, कारण त्यात शब्दाला वेळ मिळाला. शब्द कधी यावा, किती थांबावा, कसा विरावा, हे कवी ठरवू शकत होता. पण फ्लॅशची मालकी एका कंपनीकडे होती, आधी मॅक्रोमीडिया, २००५ पासून ॲडोबी. आयफोनवर ते कधीच चाललं नाही. २०१७ मध्ये ॲडोबीने ते बंद करण्याची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरनेच मजकूर दाखवायला नकार दिला. सुरक्षेच्या दृष्टीने कंपनीचं कारण खरं होतं. पण साहित्याच्या इतिहासात वीसेक वर्षांच्या लेखनाचा एवढा मोठा भाग ठरलेल्या तारखेला, एका दिवसात, बंद झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तारीख आधी कळल्यामुळे व्हँकूव्हरच्या प्रयोगशाळेला काम करता आलं. त्यांनी ‘रफल’ हे खुलं सॉफ्टवेअर घेतलं. ते आजच्या ब्राउझरमध्ये फ्लॅशची नक्कल करतं. जिथे नक्कल पुरली नाही तिथे ‘कॉनिफर’ या साधनाने ती पानं जुन्या ब्राउझरसकट पकडून ठेवली. प्रत्येक कृती उघडायची, तपासायची, आवाज येतो का, शब्द वेळेवर येतात का, ते पाहायचं. हे काम यंत्र करत नाही. प्राध्यापक आणि विद्यार्थी बसून करतात.

जतनाच्या या कामात मुख्यतः तीन वाटा आहेत आणि त्यांच्याबद्दल जाणकारांत खरे मतभेद आहेत. पहिली वाट नक्कल करण्याची: नव्या यंत्रात जुन्या यंत्राचा भास उभा करायचा आणि मूळ फाइल जशीच्या तशी चालवायची. दुसरी वाट पुनर्रचनेची: मूळ कृती नव्या तंत्रात पुन्हा बांधायची. रिचर्ड होल्टन यांची ‘फिगर्स्की ॲट फाइंडहॉर्न ऑन ॲसिड’ ही २००१ ची सीडीवरची कादंबरी २०२१ मध्ये अशी जाळ्यावर आली. ‘व्हिक्टरी गार्डन’ही त्यानंतर आली. वाचक वाढतात, पण संपादकाला पदोपदी निर्णय घ्यावे लागतात. जुना पडदा लहान होता, अक्षर जाड होतं, पान उघडायला वेळ लागे. तो संथपणा कृतीचा भाग होता की नुसती त्या काळची अडचण? 

तिसरी वाट मला सर्वांत भावते. ग्रिगर आणि मोलथ्रॉप यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानव्यविद्या निधीच्या अनुदानावर २०१३ मध्ये ‘पाथफाइंडर्स’ प्रकल्प हाती घेतला. लेखकाला प्रयोगशाळेत बोलवायचं, त्याच्या कृतीच्या काळातल्याच संगणकासमोर बसवायचं आणि कॅमेऱ्यासमोर ती वाचायला, चालवून दाखवायला सांगायचं. मग वाचकांनाही तसंच बसवायचं. चार लेखक निवडले: ज्यूडी मलॉय, जॉन मॅक्डेड, शेली जॅक्सन, बिल ब्लाय. मलॉय यांची ‘अंकल रॉजर’ १९८६ पासून एका संगणक जाळ्यावर हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली होती, वर्ल्ड वाइड वेब जन्मण्याच्या आधी. मॅक्डेड यांची ‘अंकल बडीज फँटम फनहाउस’ तर एक खोकाच आहे. आत फ्लॉप्या, गाण्यांच्या दोन कॅसेट, छापील कागद. कुणा अंकल बडीची साहित्यसंपदा वारशाने तुमच्याकडे आली आहे, अशी कल्पना. ती ज्या हायपरकार्ड या सॉफ्टवेअरवर चाले, ते ॲपलने २००४ मध्ये विकायचं बंद केलं. या चित्रफितींमध्ये नुसता मजकूर साठत नाही. लेखक कुठे थांबतो, कुठे हसतो, बोट कुठे जातं, तेही साठतं. आपल्याकडे कीर्तनाची किंवा तमाशाच्या फडाची चित्रफीत करताना जी काळजी घ्यावी लागते, ती इथे एका फ्लॉपीसाठी घेतली आहे.

हे सगळं पुढे ‘द नेक्स्ट’ नावाच्या ईएलओच्या डिजिटल संग्रहालयात येत गेलं. तिथल्या कृतींची संख्या काही हजारांत आहे, आणि बंद पडलेल्या ‘ट्रेस’चा वारसाही तिथे आणला गेला. स्पर्धेत ज्या केंद्राने रेटबर्ग यांना बक्षीस दिलं, त्याला अखेर त्यांनी काढलेल्या संस्थेने जागा दिली.

दृश्यकलेच्या बाजूला असंच काम न्यूयॉर्कच्या ‘रायझोम’ या संस्थेने केलं. मार्क ट्राइब यांनी ती १९९६ मध्ये सुरू केली आणि २००३ पासून ती न्यू म्युझियमशी जोडलेली आहे. थेरेसा डंकन यांचे मुलींसाठीचे तीन सीडी-रॉम खेळ, ‘चॉप सूई’ त्यांतला पहिला, रायझोमने २०१५ मध्ये लोकवर्गणी काढून ब्राउझरमध्ये खेळण्याजोगे केले. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ची कहाणी निराळी. १९७९ पासूनचा तो उत्सव, शहराचा पाठिंबा, १९८७ पासूनचे पुरस्कार. तिथे पैशाची अशी वणवण नाही. आणि नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात, जिथे रेटबर्ग आता शिकवतात, २०२३ मध्ये डिजिटल कथनाचं स्वतंत्र केंद्र उघडलं. युरोपात सरकारने हे आपलं काम मानलं, अमेरिकेत ते प्राध्यापकांच्या चिकाटीवर चाललं. फरक डोळ्यांत भरतो.

पण सरकारी खजिनाही अभेद्य नसतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१३ पासून छापील पुस्तकांप्रमाणे जाळ्यावरचं लेखनही जतन करण्याचा अधिकार ब्रिटिश लायब्ररीला कायद्याने मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या ग्रंथालयावर मोठा सायबर हल्ला झाला आणि तो संग्रह दीर्घकाळ वाचकांना मिळेनासा झाला. प्रती अनेकांकडे असाव्यात, हे ‘ॲसिड-फ्री बिट्स’चं म्हणणं इथे पुन्हा पटतं.

आता घराकडे येऊ. मुंबईत शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या ‘कॅम्प’ या कलावंतगटाने बर्लिन, बंगळूर आणि मुंबईतल्या सहकारी संस्थांबरोबर २००८ मध्ये ‘पॅड.मा’ हा चित्रफितींचा संग्रह सुरू केला. त्याचं वैशिष्ट्य असं, की तिथे तयार माहितीपटांपेक्षा न वापरलेलं चित्रण जास्त मोलाचं मानलं जातं. चित्रफितीच्या कालरेषेवर ओळीओळीने टिपणं लिहिता येतात. कोण बोलतंय, मागे कुठली चाळ दिसते, तो मोर्चा कशाचा. याच मंडळींच्या सॉफ्टवेअरवर २०१३ मध्ये ‘इंडियनसिने.मा’ हा भारतीय चित्रपटांचा संग्रह उभा राहिला. सरकारी दालनाची वाट न पाहता काम सुरू करा, ही त्यांची भूमिका. डिजिटल कलेची राखण करणारी माणसं आपल्याच शहरात आहेत, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसतं, याचं वाईट वाटतं.

आणि मराठी अक्षरांचं काय? फ्लॅशसारखा धक्का आपल्याला त्याच्या कितीतरी आधी बसला आहे; फक्त त्याची तारीख नव्हती. पुण्याच्या सीडॅकने १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, शिवाय आकृती, शिवाजी असे कितीतरी फॉण्ट छापखान्यांत आले. दिवाळी अंक खिळे सोडून पडद्यावर जुळू लागले. त्या फॉण्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, आणि प्रत्येकाची बसवण्याची तऱ्हा वेगळी. फॉण्ट हाताशी नसेल तर त्याच फाइलमध्ये रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. सर्व लिप्यांसाठी एकच संकेत ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छापखान्यांत ती रुळायला फार वर्षं गेली. मधल्या काळातलं लेखन, पानं जुळवणाऱ्या पेजमेकरच्या फायलींत आणि सीडींवर, छापखान्यांच्या माळ्यांवर पडून आहे. छापील अंक निदान राहिला. कापलेला मजकूर, मूळ चित्रं, लेखकाने शेवटी केलेले बदल, हे फाइलबरोबर जातं.

जे छापलंच गेलं नाही त्याची अवस्था आणखी नाजूक. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे. तिच्यासारख्या ठिकाणांवरून जाळ्यावरचे मराठी दिवाळी अंक निघाले. त्यांत ध्वनिफिती आल्या, चित्रफिती आल्या, कागदावर शक्य नव्हतं ते आलं. आज इन्स्टाग्रामवर कविता हलत्या अक्षरांत येतात. ईएलओचे माजी अध्यक्ष लिओनार्दो फ्लोरेस यांनी अशा लेखनाला इलेक्ट्रॉनिक साहित्याची तिसरी पिढी म्हटलं आहे: लेखक आता स्वतः सॉफ्टवेअर घडवत नाही, दुसऱ्याने बांधलेल्या मंचावर लिहितो. मंच दुसऱ्याचा असला की दाराची किल्लीही त्याचीच. २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या प्रोग्रॅमना मिळणारा फुकट प्रवेश जवळजवळ बंद केला आणि कविता रचणारे कितीतरी स्वयंचलित बॉट मुके झाले.

छापील अंकांची गोष्ट वेगळी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. अशा जुन्या अंकांना जागा आहे ती वाचनालयांत, ठाण्याच्या १८९३ च्या आणि मुंबईच्या १८९८ च्या मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या. १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथांची संगणकीय रूपं केली, हे मोठं काम आहे. ते कागदाकडून संगणकाकडे येणारं काम. संगणकावरच जन्मलेल्या मराठी लेखनाची जबाबदारी आपली आहे, असं म्हणणारी संस्था मला दिसत नाही. ईएलओ तीन माणसांच्या बोलण्यातून सुरू झाली. विश्वकोश तडीस नेणाऱ्या भाषेला एवढं अशक्य असू नये. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने एक खोली, दोन जुने संगणक, एक फॉण्टांचा संच आणि चार विद्यार्थी एवढ्यावर आरंभ करावा. संगणक विभागाने त्यांना हात द्यावा.

तोवर वाचकहो, संपादकहो, दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या सीडी आणि हार्ड डिस्क भंगारात देऊ नका. त्यांच्यावर वर्ष, सॉफ्टवेअरचं आणि फॉण्टचं नाव लिहा. उघडणाऱ्या फायलींची युनिकोड प्रत आणि पीडीएफ करा, मूळ फाइल आणि फॉण्ट सोबत ठेवा, आणि एक प्रत घराबाहेर, जवळच्या ग्रंथालयात किंवा विश्वासू मित्राकडे द्या. जाळ्यावर दिवाळी अंक काढणाऱ्यांनी यंदाच्या अंकावर एक ओळ घालावी, की जतनासाठी या अंकाची प्रत कुणीही काढावी.